‘इतर’ या रकान्यात काय असतं? सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला सरकारी पैसा हवा

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पावसाळ्यात पाण्याची उंची आपण तासातासाला विचारतो. त्या पाण्यात अडकणाऱ्या माणसांबद्दल मात्र आपल्याला फार थोडं माहीत असतं, आणि ते माहीत करून घेण्यासाठी कुणी पैसे मागितले तर ‘त्याची काय गरज?’ असं विचारलं जातं. धागा त्याबद्दल आहे.

मी समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात एका शाळेतल्या छावणीत मदतीला होते. शिरोळ तालुक्यातली कुटुंबं होती. त्यांची माहिती भरायला आमच्या हातात एक फॉर्म दिला होता. त्यात एक प्रश्न होता: सूचना मिळूनही घर का सोडलं नाही? पुढे चौकटी: सूचना मिळाली नाही, वाहन नव्हतं, आजारपण, इतर. माझ्या गठ्ठ्यातल्या बहुतेक फॉर्मांवर ‘इतर’वर टिक झाली. ‘इतर’च्या पुढं लिहायला ओळ ठेवलेली नव्हती.

रात्री जेवणं झाल्यावर मी काही बायकांशी बोलत बसले. एक आजी म्हणाल्या, “दोन म्हशी हायत बाळ, त्यातली एक गाभण. बोटीत म्हस घेत न्हाईत. तिला खुट्ट्याला सोडून मी कुठं जाऊ?” शेजारची म्हणाली, २००५ ला पाणी उंबऱ्याला लागून माघारी गेलं होतं, सासरे म्हणाले यंदाही तेवढंच येणार, मग त्यांच्या शब्दाबाहेर कोण जाणार. तिसरीचं घर दिराच्या नावावर होतं, वाटणी झालेली नव्हती. घर सोडलं तर पंचनाम्याला कोण उभं राहणार आणि नाव कुणाचं लागणार, ही तिची भीती होती. एकीला जनावरांची सोय हवी होती, दुसरीच्या घरात पुराची सूचना कुणाच्या तोंडून यायला हवी हा प्रश्न होता, तिसरीचा प्रश्न महसुली कागदांचा होता. फॉर्मवर तिघींच्या नावापुढं सारखीच टिक. तो गठ्ठा पुढे कुठे गेला, मला आजतागायत कळलेलं नाही. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं, तेव्हा अशा किती घरांतून पुन्हा तेच झालं असेल, या विचारानं मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

माणसांना असं बसून विचारण्याचं, समाजाच्या अभ्यासाचं काम एखाद्या दात्याच्या मर्जीवर किंवा माझ्यासारखीच्या रविवारच्या सुट्टीवर चालणारं नाही. त्याला वर्षानुवर्षं माणसं लागतात, प्रवासखर्च लागतो, गावात चार-चार महिने राहावं लागतं. रस्ता आणि धरण सरकार बांधतं, कारण त्याचा उपयोग सगळ्यांना असतो आणि एकट्याला ते झेपत नाही. समाजाचा अभ्यास त्याच जातीचं काम आहे.

कोल्हापूरला हे नवं वाटायचं कारण नाही. शाहू महाराज १८९४ ला गादीवर आले तेव्हा दरबारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे होते, हा आकडा आपण भाषणांत ऐकतो. तो आकडा मिळाला कारण कुणीतरी बसून मोजलं होतं. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवायचा हुकूम आला, त्याच्या मागं ही मोजदाद उभी आहे. आणि बाबासाहेब? बडोदा संस्थानानं १९१३ मध्ये महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबियाला गेले. तिथं शिकले ते अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यावर सरकारी तिजोरीतून केलेला तो खर्च होता. पुढे शाहू महाराजांनीही त्यांना मदत केली, १९२० साली माणगावची परिषद आपल्याच मातीत झाली. त्या साडेअकरा पौंडांचा हिशेब आज कुणी मांडून दाखवावा.

स्वातंत्र्यानंतरचंही सांगते. १९६९ मध्ये केंद्र सरकारनं भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन केली, जिला सगळे आयसीएसएसआर म्हणतात. तिचे पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. हा माणूस आपल्या जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचा. कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिवही तेच. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा हात होता. गावातल्या शिक्षणाचा अनुभव घेऊन दिल्लीला गेलेल्या माणसानं देशातल्या सामाजिक संशोधनाची घडी बसवली आणि त्याच्याच जिल्ह्यात आज पीएचडी करणारी मुलगी पेट्रोलचे पैसे कुठून आणू म्हणून विचारते.

आता जो आकडा मला झोपू देत नाही तो. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. पन्हाळा तालुक्यात तर ८०० च्याही खाली. साखर कारखाने, दूध संघ, शाळा, शाहूंचा वारसा, सगळं असलेला जिल्हा. जनगणनेनं ते कागदावर आणलं म्हणून प्रशासन हललं, सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ यंत्रणा इथं बसली. २०११ ला आकडा ८६३ झाला. यंत्रावर पहारा बसवता येतो, बसवला, चांगलं झालं. पण बागायती पट्ट्यात, खाऊनपिऊन सुखी घरात मुलगी नको का असते? जमिनीच्या वाटण्या, हुंडा, एकाच मुलावर थांबण्याचा विचार, सासूचा धाक, यातलं काय किती? त्याचं उत्तर यंत्रातून निघत नाही. त्यासाठी पन्हाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन वर्ष-दोन वर्षं विश्वासानं बोलावं लागतं. आणि २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही. पुढची १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून होणार आहे. २०११ साली जन्मलेली मुलगी तोवर दहावीला पोचेल.

पैशाचं चित्र असं आहे. आपला देश सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ०.६४ टक्के खर्च करतो. त्यात सामाजिक शास्त्रांच्या वाट्याला येतं ते तळाला उरलेलं. २०१८ मध्ये ‘इम्प्रेस’ नावाची चांगली योजना आली होती, ४१४ कोटी रुपये, १५०० प्रकल्प, आयसीएसएसआरमार्फत. ती मार्च २०२१ पर्यंतचीच होती. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं राहिलं, पाच वर्षांत ५० हजार कोटींचा आराखडा. त्या कायद्यात सामाजिक शास्त्रांचं नाव आहे, पण विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथं त्यांचा सांधा जुळतो तेवढ्यापुरतंच. पन्हाळ्यातल्या सासूसुनांचं बोलणं त्या सांध्यात कुठं बसवायचं?

माझं म्हणणं एवढंच की राज्याच्या अर्थसंकल्पात यासाठी वेगळी, दरवर्षी येणारी रक्कम असावी. अधिछात्रवृत्ती, म्हणजे संशोधकाची फेलोशिप, पगारासारखी महिन्याच्या महिन्याला मिळावी. माझी स्वतःची एका संस्थेकडून मंजूर झालेली रक्कम अकरा महिने आली नव्हती. त्या काळात मी क्षेत्रकार्य बंद ठेवलं आणि ज्या बाईंची मुलाखत पुढच्या महिन्यात घ्यायची होती त्या तोवर वारल्या. सारथी या राज्य सरकारच्या संशोधन-प्रशिक्षण संस्थेचं उपकेंद्र २०२१ पासून कोल्हापुरात आहे, शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे. या जिल्ह्याचा, ऊस-पूर-स्थलांतर-मुली यांचा वीस वर्षं सलग चालणारा अभ्यास इथं सुरू व्हायला हवा. खासदार-आमदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन लिहायला घेतलंय. तुमची मतं हवीत, विरोधातलीसुद्धा.

ऊसवाला

ताई, मनातलं सांगतो, राग मानू नका. आमच्या गावात २००५ पास्नं किती जण सर्वे करून गेले त्याला गणती न्हाई. कोण कॉलेजचं, कोण संस्थेचं, कोण सरकारी. चहा पाजला, रेशनकार्ड दाखवलं, बायकांनी रडून रडून सांगितलं. एकानं बी माघारी येऊन सांगितलं न्हाई की तुमच्या माहितीचं काय झालं. आता कोण फॉर्म घिऊन आलं की आमची म्हातारी दार लावून घेती. त्या पैशात गावाला उंचावर एक जनावरांचा गोठा झाला असता. तुमच्या त्या आजीची म्हस वाचली असती.

पंचगंगाकाठ

ऊसवाला दादा, तुमचा राग रास्त आहे आणि त्यात मीही आले. ज्या गावात मी माझ्या अभ्यासासाठी फिरले, तिथं प्रबंध जमा झाल्यावर दोन वर्षं पाऊल टाकलं नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा एका काकूंनी ओळख दाखवली नाही. ते मला लागलंय.

म्हणून निवेदनात ही अट घालते: सरकारी पैशातून गावाचा अभ्यास झाला तर निष्कर्ष मराठीत छापून त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळू नये. गावानं ‘हे चुकीचं आहे’ म्हटलं तर तेही अहवालात जावं.

गोठ्याबद्दल तुमच्याशी सहमत. पण तो गायरानात बांधायचा की कुणाच्या रानात, पहिल्या दिवशी वैरण कोण देणार, ज्याची एकच शेळी आहे त्याला तिथं जागा मिळेल का, हे गावाला विचारूनच ठरेल ना? त्या विचारण्याचे पैसे मी मागते आहे.

बरगे_आणि_पाणी

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत मीही समाजशास्त्र वगैरे म्हटलं की लक्ष देत नसे. मत बदललं ते बंधाऱ्यांमुळं.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा महाराष्ट्रभर गेला. खांब, खाचा, पावसाळा संपताना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे, मिरगाच्या आधी काढायचे. यात अवघड असं अभियांत्रिकीचं काही नाही. तरी एका गावचा बंधारा चाळीस वर्षं उत्तम चालतो आणि तीन मैलांवरच्या गावचा पहिल्या दहा वर्षांत ओस पडतो. बरगे चोरीला जातात, वेळेवर निघत नाहीत, गळतीला कुणी पोती लावत नाही. मी दरवेळी अंदाजपत्रकात नवे बरगे मागायचो. नवे यायचे, तेही जायचे. चालणाऱ्या गावात पाणीपुरवठा संस्थेची बैठक खरोखर भरायची, खालच्या टोकाच्या शेतकऱ्याला आधी पाणी द्यायचा रिवाज होता, पाण्याची पाळी मोडणाऱ्याला चारचौघांत जाब द्यावा लागायचा. आमच्या नकाशात यातलं काही नव्हतं. खात्यानं त्या वेळी एखादा अभ्यासक दोन वर्षं तिथं बसवला असता तर बऱ्याच लोखंडाचे पैसे वाचले असते.

पूररेषेचंही तसंच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा आम्ही आखू शकतो. निळ्या रेषेच्या आत घर बांधणारा माणूस तिथं का बांधतो, ते आम्ही सांगू शकत नाही. निवेदनावर माझी सही धरा.

गावची_आशा

मी आशा म्हणून काम करते. सर्वे म्हटलं की आमच्याच गळ्यात येतो, हे आधी सांगते. क्षयरोग, कुष्ठरोग, गरोदर बायका, लहान मुलं, सगळी माहिती आम्ही दारोदार फिरून आणतो. वर पाठवतो. आम्हाला परत काही कळत नाही, ऊसवाले दादा म्हणतात तसंच.

मुलींच्या आकड्याबद्दल सांगायचं तर बाई खरं कधी बोलते ते मला माहीत आहे. सासू चुलीपाशी गेली की. किंवा लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या मागं. बाहेरून आलेल्या मॅडमना ती ‘आमच्यात मुलगा-मुलगी सारखंच’ असंच सांगणार. म्हणून सरकार पैसे देणार असेल तर आमच्यातल्या बायकांना शिकवा, वेगळं मानधन द्या आणि अहवालावर आमचंही नाव घाला. आम्ही नुसत्या दार वाजवायला नाही.

पंचगंगाकाठ

ताई, तुमचा मुद्दा निवेदनात दुसऱ्या क्रमांकावर घेतला. पहिला अधिछात्रवृत्तीचा होता, तो खाली सरकवायचा का याचा विचार करते आहे.

पेठेतला_वाचक

दोन हरकती आहेत. पहिली: आज जे प्रबंध होतात त्यातले कितीतरी इकडून तिकडून उचललेले असतात. पदोन्नतीसाठी पीएचडी, पीएचडीसाठी प्रबंध. त्यात आणखी पैसा ओतून काय निघणार? दुसरी: सरकारचा पैसा आला की सरकारचा लगाम आला. २०१७-१८ च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीचं काय झालं आठवा. केंद्रानं २०१९ मध्ये ती प्रसिद्धच करायची नाही असं ठरवलं, माहितीच्या दर्जाचं कारण देऊन. मग स्वतंत्र संस्था, कंपन्यांचा सामाजिक निधी, यांच्याकडं जाणं बरं नाही का?

पंचगंगाकाठ

पहिली हरकत मान्य. उचलेगिरी मी जवळून बघितली आहे आणि तिची लाज वाटते. पण ज्याला गावात जायला पैसा नाही आणि तीन वर्षांत प्रबंध द्यायचा आहे, तो ग्रंथालयात बसून चार प्रबंधांचा पाचवा करतो, हेही मी बघितलंय. ज्याच्या हातात क्षेत्रकार्याची वही आहे, त्याला उचलायची गरज पडत नाही.

दुसरी हरकत जास्त खोल आहे. २०१७-१८ ची पाहणी दाबली गेली हे वाईटच झालं. तरी ती दाबली गेली हे तुम्हाला मला कळलं, संसदेत आणि वर्तमानपत्रांत वाद झाला, कारण ती सार्वजनिक होती. कंपनीनं करवून घेतलेला अहवाल कपाटात गेला तर विचारायचा हक्क तुम्हाला नाही. उलट उदाहरणही देते. आपल्या फडात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्याच्या समितीपुढं ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीचे आकडे आले, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. व्यवस्थेला नागडं करणारा आकडा सरकारी पाहणीतूनच बाहेर आला. आजही गळिताच्या हंगामात त्या बायका आपल्या रस्त्याकडेच्या पालांवर राहतात. उचल, कोयता, मुकादम हे शब्द आपल्याला रोज ऐकू येतात, त्यांचं आरोग्य मात्र त्यांच्या जिल्ह्याच्या आकड्यात मोजलं जातं आणि इथं सहा महिने त्या कुणाच्याच नसतात.

म्हणून लगामावर उपाय असा सुचवते की पैसा सरकारचा, निवड तज्ज्ञांच्या मंडळाची, आणि पाहणी संपल्यावर ठरलेल्या मुदतीत माहिती खुली करणं कायद्यानं बंधनकारक.

दूरदेशी_करवीरकर

मी अमेरिकेत असतो, इथला एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबर २००९ मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं राज्यशास्त्राला पैसे देणं बंद करावं असा प्रस्ताव मांडला. पाचच दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. त्या राज्यशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांच्या कामाला त्याच प्रतिष्ठानचा पैसा मिळालेला होता. गावकरी सामाईक पाणी, जंगल, कुरण स्वतःच्या नियमांनी कसं सांभाळतात, हे त्यांनी देशोदेशींच्या गावांतून दाखवलं. नेपाळमधल्या पाटांवरही त्यांचं काम आहे. बरगे_आणि_पाणी काकांनी वर जे लिहिलंय, नेमकं तेच.

तरी कोबर्न थांबले नाहीत. २०१३ मध्ये त्यांनी राज्यशास्त्राच्या निधीवर अट घालून घेतली, राष्ट्रीय सुरक्षा किंवा आर्थिक हित सिद्ध करा तरच पैसा. ती पुढच्या वर्षी गेली, पण अभ्यासकांच्या संघटना आमदार-खासदारांच्या दारात बसल्या तेव्हा. तेव्हा नुसतं निवेदन देऊन थांबू नका. प्रत्येक अधिवेशनाआधी पाठपुरावा लागेल. मसुदा पाठवलात तर मी हात लावतो.

माग_आणि_घाम

इचलकरंजीहून. यंत्रमागावर बारा तास काढलेल्या माणसाच्या कानाचं आणि छातीचं काय होतं ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, कागदावर कुठं सापडणार नाही. बाहेरच्या राज्यांतून आलेली पोरं किती आहेत, कुठं राहतात, तेही नाही. पुराबरोबर मागवाल्यांचंही घ्या.

चिखलीकडचा

पहिल्यांदाच लिहितोय इथं. १९८९ च्या पुरानंतर आमच्याकडच्या लोकांना सोनतळीला प्लॉट मिळाले. कुणी गेलं, कुणी गेलं नाही, कुणी जाऊन परत आलं. वर्तमानपत्रात दर पुराला येतं की लोक हट्टी आहेत, जागा देऊन पण जात नाहीत. ते वाचून त्रास होतो.

माझ्या वडिलांनी त्या वेळेपासून एक वही ठेवली होती. कोण कधी गेलं, घर कशानं बांधलं, कोण परत आलं आणि परत येताना काय म्हणालं. दूध घालायला लांब पडतं म्हणून आले, एका भावाला प्लॉट आणि तीन भावांत भांडण म्हणून आले, देव इथं म्हणून आले. २०१९ ला पाणी घरात शिरलं तेव्हा आईनं दागिन्यांच्या डब्याबरोबर ती वही माळ्यावर टाकली, म्हणून वाचली. खालची पानं ओली होऊन चिकटली आहेत. वडील आता नाहीत. ही वही कुणाच्या उपयोगाची आहे असं आजवर मला वाटलं नव्हतं. तुम्हाला दाखवायला देईन, पण घराबाहेर जाऊ देणार नाही.

पंचगंगाकाठ

दादा, बाहेर न्यायची गरज नाही. शनिवारी दुपारी मी येते, मोबाईलवर एकेक पान फोटो काढून घेते, वही तुमच्या समोरच राहील. चिकटलेली पानं ओढू नका, तशीच ठेवा. विद्यापीठात जुनी हस्तलिखितं सांभाळणारी माणसं आहेत, ती कशी सोडवायची ते त्यांना विचारून येते. फोटोंचा एक संच छापून तुमच्या आईंच्या हातात देईन. आणि वडिलांचं नाव कुठं, कसं लिहायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा, तोवर मी कुठंही काही छापणार नाही.

ऊसवाला दादा, तुम्हाला जमलं तर तुम्हीही या.

ऊसवाला

येतो. म्हातारीला बी आणतो, १९८९ चं तिला सगळं आठवतंय.